मराठीतून रशियन: शब्दवहीच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

आजपासून शब्दवहीचं काम सुरू. वही कोणासाठी हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे पसारा वाढणार नाही. महाराष्ट्रातून रशियात डॉक्टरकी शिकायला जाणारी, नुकतीच बारावी झालेली मुलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, शिवाय तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप. त्यामुळे वर्गात सगळं इंग्रजीत. पण वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही, हॉस्टेलच्या दारावरची बाई बोलत नाही आणि दुकानात गल्ल्यावर बसलेली तर नाहीच नाही.

मुलं जाताना जी पुस्तकं नेतात ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली. निर्जीव वस्तूलाही लिंग असतं हे पटवण्यात दोन पानं, विभक्ती म्हणजे काय यात आणखी चार. आपल्या मुलांचं हे शाळेतच होऊन गेलेलं असतं. उलट जिथे ती अडखळतात तिथून पुस्तक एका ओळीत पुढे सटकतं, कारण इंग्रजाला तिथे काही अडत नाही. तर धोरण एवढंच: धड्यांचा क्रम मराठी बोलणाऱ्याच्या अडचणींवरून लावायचा. साधारण सहाशे शब्द, पहिल्या वर्षात तोंडात बसावेत असे. बर्चची झाडं आणि व्होल्गाकाठची संध्याकाळ नंतर कधीतरी.

भाची रशियातल्या समाराला डॉक्टरकीचं तिसरं वर्ष संपवतेय. रोजच्या बोलण्यातलं काय आणि पुस्तकी काय, हे तिने सांगायचं. समारा आपल्यापेक्षा दीडच तास मागे, त्यामुळे रात्रीचे फोन जमतात.

१४ जून २०२४

लिपीचा प्रश्न आजच मिटवला. रशियन अक्षरं ३३, ती पहिल्या आठवड्यात शिकायचीच, त्याला पर्याय नाही. देवनागरी फक्त उच्चारासाठी, तीही पहिल्या चार धड्यांपुरती. पुढे राहिली तर मुलं तिलाच धरून बसतात.

पण तेवढ्यापुरती तरी नीट हवी. इथे आपल्याकडे भांडवल बरंच आहे. त आणि द दातांवरचे, रशियनसारखेच. र खणखणीत. रशियनमध्ये 'च' दोन. एक 'चहा'तला, एक 'चाक' आणि 'चोर' यांतला. दुसरा इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून इंग्रजी पुस्तकात त्यावर वेगळा सराव असतो. आपण तो दिवसभर बोलतो, फक्त वेगळा लिहीत नाही. वहीत त्याला खाली नुक्ता द्यायचं ठरलं: च़. 'श'ही दोन. एक जाड, जीभ मागे वळवून, म्हणजे शाळेत बाई ज्याला पोटफोड्या म्हणायच्या तो ष. दुसरा मऊ आणि लांब, तो श्श. आपल्यातले बहुतेक जण ष आणि श एकच बोलतात, पण जीभ कुठे न्यायची हे निदान माहीत असतं.

जे नाहीच त्यांत मोठे दोन. 'सिन' म्हणजे मुलगा, 'रिबा' म्हणजे मासा. त्यांतला स्वर ना इ ना उ. तो कानानेच शिकायचा, वहीत इ खाली रेघ मारून खूण करू. दुसरं म्हणजे मऊ व्यंजनं. 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'ब्रात्य्' म्हणजे घेणे. शेवटी य असा लिहिला की आपली मुलं हमखास 'ब्रात्या' म्हणतात. म्हणून य चा पाय मोडलेलाच छापायचा आणि पहिल्याच पानावर सांगायचं की हा य बोलायचा नाही, जीभ टाळूला टेकवायची फक्त.

१७ जून २०२४

सर्वनामांचं पान. याला धोक्याची चौकट लागणार. 'या' म्हणजे मी. 'मी' म्हणजे आम्ही. 'ती' म्हणजे तू. पहिल्या तासाला मुलं हसतात, दुसऱ्या तासाला गोंधळतात. कोणी 'ती' म्हटलं की आपल्या डोक्यात बाईच उभी राहते. इंग्रजी पुस्तकात या चौकटीची गरजच नाही. आपल्याकडे ती मोठ्या अक्षरात हवी.

'ती' आणि 'वी' म्हणजे तू आणि तुम्ही. हे समजावत बसायला नको. पेशंटला, शिक्षकाला, दुकानदाराला 'वी', क्रियापदही अनेकवचनी. 'तुम्ही आलात'सारखंच.

२१ जून २०२४

आघात, म्हणजे शब्दातल्या एका स्वरावर येणारा जोर. लिहिलेला ओ आघात नसेल तर अ होतो: लिहायचं मोलोको, म्हणायचं मलको, म्हणजे दूध. शब्दाच्या शेवटचा ब प होतो, ग क होतो: 'ख़्ल्येप' पाव, 'द्रूक' मित्र. 'ज़ामक' म्हणजे किल्ला आणि 'ज़मोक' म्हणजे कुलूप. लिहिताना दोन्ही अगदी एक. किल्ल्याचं काम पडणार नाही, कुलपाचं पहिल्याच दिवशी पडेल. प्रत्येक शब्दावर आघाताची खूण, सहाशेच्या सहाशे.

२ जुलै २०२४

लिंग. तीन आहेत, आपलीही तीन, तेव्हा हा धडा एका पानात उरकेल असं सगळ्यांना वाटतं. कल्पना उरकते, शब्द उरकत नाहीत. 'क्नीगा' म्हणजे पुस्तक, ते स्त्रीलिंगी. 'दोम' म्हणजे घर, पुल्लिंगी. खिडकी, 'अक्नो', नपुंसक. दार, 'द्व्येर्', स्त्रीलिंगी. पाणी, 'वदा', स्त्रीलिंगी. सूर्य आणि समुद्र तिकडे दोन्ही नपुंसक, चंद्र बाई. चहा, पाव आणि दूध मात्र आपल्यासारखेच.

इंग्रजी बोलणारा पाटी कोरी घेऊन येतो. आपण भरलेली घेऊन येतो आणि तिच्यावरचं तोंडात येतं: 'माझं पुस्तक' म्हणायची सवय इतकी घट्ट की 'मया क्नीगा'च्या जागी 'मयो' निघतं. म्हणून शब्द कधीच सुटा छापायचा नाही. 'माझा/माझी/माझं' लावूनच: मोय दोम, मया क्नीगा, मयो अक्नो. नियम तसा सोपा आहे. शेवटी व्यंजन असेल तर पुल्लिंगी, आ असेल तर स्त्रीलिंगी, ओ किंवा ये असेल तर नपुंसक. मऊ चिन्हाने, म्हणजे आधीचं व्यंजन मऊ करणाऱ्या अक्षराने, संपणारे मात्र पाठच करायचे. दिवस पुल्लिंगी, रात्र स्त्रीलिंगी, आणि दोघांच्या शेवटी तेच चिन्ह. 'पापा' आकारान्त असूनही पुरुष, यात आपल्याला नवल नाही. आपला मामाही आकारान्तच.

९ जुलै २०२४

आजचा दिवस विभक्तींचा. खरं तर या एका प्रकरणासाठीच वही करावीशी वाटली होती.

सहा विभक्ती. इंग्रजी पुस्तकांत त्यांची लॅटिन वळणाची नावं असतात, मुलं ती पाठ करतात आणि कोणती कशासाठी हे विसरतात. आम्ही सरळ शाळेतली नावं दिली: प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, षष्ठी, सप्तमी. पंचमी रशियनमध्ये वेगळी नाही. 'घरून', 'पुण्याहून' असं म्हणायचं तर एक छोटा शब्द पुढे लावून षष्ठी वापरतात. रशियन मुलं शाळेत षष्ठी दुसऱ्या क्रमांकावर म्हणतात, पण आमच्या वहीत आमचा क्रम.

पुण्याला जमलेल्या गटाला, सप्टेंबरात निघणारी मुलं आहेत ही, आज पहिल्यांदा चतुर्थी दिली. बहुतेक इंग्रजी पुस्तकांत ती उशिरा येते, कारण इंग्रजाला ती विचित्र वाटते. 'म्न्ये ख़ोलदना', मला थंडी वाजतेय. 'म्न्ये न्राविच़ा', मला आवडतं. 'म्न्ये नूझ्ना', मला पाहिजे. 'म्न्ये स्कूष्ना', मला कंटाळा आलाय. इंग्रजीत या चारही ठिकाणी 'मी' हा कर्ता येऊन बसतो आणि मग विद्यार्थ्याला सांगावं लागतं की बाबा रे, इथे तू कर्ता नाहीस. आमच्या गटातल्या एका मुलाने विचारलं, "यात शिकायचं काय आहे?" बरोबर आहे. 'म्न्ये' म्हणजे 'मला', संपलं. आता चतुर्थी दुसऱ्याच धड्यात.

'असणे'चंही तसंच. 'माझ्याकडे किल्ली आहे' यात इंग्रजीचं क्रियापद वेगळं, रशियनचं मराठीच्या वळणाचं: 'उ मिन्या येस्त्य् क्ल्यूच'. आणि 'मी विद्यार्थी' एवढंच म्हटलं तरी वाक्य पुरं होतं. 'या स्तुद्येन्त'. आहे-बिहे काही नाही.

षष्ठी तेवढी उलटी. 'भावाचं पुस्तक' तिकडे 'क्नीगा ब्राता', आधी पुस्तक मग भाऊ. आपल्यासारखे चा-ची-चे बदलत नाहीत, हा मोठाच दिलासा.

तृतीयेला कँटीनचं उदाहरण: 'चाय स साख़रम', साखर घातलेला चहा, 'बिस साख़रा', बिनसाखरेचा, पण इथे षष्ठी. भाची म्हणते दुसरं आधी शिकवू नकोस, तिथला चहा मुळात बिनदुधाचा, त्यात साखरही काढली तर मुलं परत येतील.

१८ जुलै २०२४

भूतकाळ. 'षोल, ष्ला, ष्लो, ष्ली': तो चालत गेला, ती गेली, ते गेलं, ते सगळे गेले. रशियन भूतकाळात पुरुष बदलला तरी रूप बदलत नाही, फक्त लिंग आणि वचन बघायचं, आणि मध्ये आपल्या 'गेला'सारखाच ल. गटाने हे ऐकून टाळ्याच वाजवल्या. दोन्ही ल ची मुळं वेगळी आहेत, तेव्हा लक्षात ठेवायला उपयोग करावा, नातं जोडू नये.

मग सकर्मक क्रियापदं आली आणि टाळ्या थांबल्या. आपण म्हणतो 'मी भात खाल्ला', 'मी खीर खाल्ली'. क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जातं. रशियनमध्ये ते नेहमी खाणाऱ्यामागे. मुलगा असेल तर 'या येल', मुलगी असेल तर 'या येला', मग समोर काहीही असो. 'काषा' म्हणजे लापशी, स्त्रीलिंगी. गटातले मुलगे एकामागून एक म्हणाले, 'या येला काषू'. ऐकणाऱ्याला वाटेल मुलगी बोलतेय. इंग्रजी बोलणारा इथे असा अडकणार नाही, कारण त्याच्या भाषेत क्रियापद 'खीर' बघून वळत नाही. म्हणूनच कुठल्या पुस्तकात यावर सराव सापडला नाही. आम्ही दोन पानं घातली. सगळी वाक्यं मुद्दाम विरुद्ध लिंगाची: मुलगा आणि लापशी, मुलगी आणि पाव. गटाकडून मोठ्याने म्हणवून घ्यायची.

२७ जुलै २०२४

भाचीने दुकानातलं बोलणं लिहून पाठवलं. एकदम कामाचं, कारण गल्ल्यावरची बाई पूर्ण वाक्य बोलतच नाही. "पक्येत नूझिन?" पिशवी हवी का. "पा कार्त्ये?" कार्डाने का. मुलं इथे गप्प उभी राहतात, कारण पुस्तकातली बाई 'नमस्कार, आपल्याला पिशवी हवी आहे का' असं म्हणत असते. वहीत दुकानाचं पान आता असंच, तुटक. उत्तरंही तुटक: 'दा', 'न्येत', 'नि नादा'.

अंकांचा धडा याला जोडला. एकला एकवचन, दोन-तीन-चारला षष्ठीचं एकवचन, पाचपासून षष्ठीचं अनेकवचन. एकवीसला पुन्हा एकवचन. उदाहरणाला रुपये-रुबल न घेता वय घेतलं, पेशंटचं वय रोज विचारायचंय: २१ 'गोत', २२ 'गोदा', २५ 'ल्येत'. अंक मात्र आपल्यापेक्षा सरळ. वीस आणि एक, वीस आणि दोन. एकोणसत्तरचा घोळ नाही.

८ ऑगस्ट २०२४

'जाणे'. इथे मराठी काहीच मदत करत नाही.

आपलं 'जातो' पायी, बसने, रोज, आत्ता, सगळीकडे चालतं. रशियनमध्ये पहिला प्रश्न: पायी की वाहनाने? दुसरा: आत्ता एका दिशेने की नेहमी, जाऊन-येऊन? चार कप्पे. पायी आत्ता 'या इदू', पायी नेहमी 'या ख़झू', वाहनाने आत्ता 'या येदू', वाहनाने नेहमी 'या येझ्झू'. सुट्टीत घरी यायच्या आनंदात कोणी 'या इदू व इन्दियू' म्हणालं तर समोरचा त्याच्या बुटांकडे बघेल. विमानाला तर आणखी वेगळं क्रियापद, 'उडणे'.

व्याख्या देऊन बघितल्या, चालल्या नाहीत. चित्रं चालली. एका पानावर हॉस्टेल, कॉलेज, बसथांबा, दवाखाना. पावलांचे ठसे आणि चाकं, एक बाण आणि दोन्हीकडे टोकं असलेला बाण. मुलांनी बोट फिरवत वाक्य म्हणायचं. मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याचं मत, हेच पान घडी घालून खिशात ठेवता येईल असं वेगळं छापावं. छापू. उपसर्ग लावून होणारी आत-जाणे, बाहेर-पडणे, वाटेत-डोकावणे ही सगळी पलटण दुसऱ्या भागात.

२० ऑगस्ट २०२४

पूर्ण आणि अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या. 'चिताल' आणि 'प्रचिताल'. दोन्हींचं भाषांतर 'वाचलं' असं देऊन टाकायची पद्धत आहे, आणि तिथेच मुलं हरवतात. मराठीत 'वाचून झालं', 'वाचून काढलं' ही सोय तयार आहे. 'वाचलंय का कधी?' ला 'चिताली', 'वाचून झालं का?' ला 'प्रचिताली'. वॉर्डात तर याशिवाय चालणारच नाही. 'वी प्रिनिमाली लिकार्स्त्वा?' म्हणजे औषध घेत होतात का. 'वी प्रीनिली लिकार्स्त्वा?' म्हणजे मघाचा डोस घेतलात का. उलटं विचारलं तर पेशंट उत्तर देईल, पण भलत्याच प्रश्नाचं.

नकारार्थी वाक्यांत ही जोडी वेगळी वागते. ते पान अजून मनासारखं नाही. तूर्त बाजूला.

३१ ऑगस्ट २०२४

दवाखान्याचं प्रकरण. सगळ्यात जास्त वेळ याला दिला आणि तो सार्थकी लागला.

आत शिरतानाचे शब्द आधी. 'गर्दिरोप', जिथे कोट काढून द्यायचा. 'बख़ीली', बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या. 'ख़लात', पांढरा कोट. भाची म्हणाली, बख़ीली नसतील तर दारावरची बाई प्राध्यापकालाही आत सोडत नाही.

मग पेशंट. 'ना ष्तो झालुयितिस्य्?' शब्दश: 'कशाची तक्रार करता', पण हा तिथला रोजचा, नेहमीचा प्रश्न आहे, त्यात चीड नाही. उत्तर: 'उ मिन्या बलीत गलवा', माझं डोकं दुखतंय. रचना पुन्हा आपलीच. दुखणारा अवयव कर्ता, एक असेल तर 'बलीत', डोळे दुखत असतील तर 'बल्यात'. इंग्रजीत डोकेदुखी ही जवळ असण्याची वस्तू होते, म्हणून इंग्रजीतून भाषांतर करणारा इथे वाकडं वाक्य करतो. गटाला सांगितलं, मध्ये इंग्रजी आणू नका, सरळ मराठीतून जा. झटक्यात जमलं.

'दिषीत्ये', श्वास घ्या. 'नि दिषीत्ये', रोखा. 'अदिष्का' धाप, 'तष्नता' मळमळ, 'नतश्शाक' उपाशीपोटी. रक्तदाब 'एकशेवीसवर ऐंशी', आपल्यासारखाच.

ताप मात्र आपल्यासारखा नाही. आपल्या घरात ताप फॅरनहाइटमध्ये: शंभर म्हणजे कणकण, एकशेदोन म्हणजे डॉक्टर. तिथे सेल्सियस. पेशंट 'त्रीच़त्य् षेस्त्य् इ षेस्त्य्' म्हणाला, म्हणजे ३६.६, तर तो ठणठणीत आहे. आपल्या हिशेबाने ९७.९. ३८.५ म्हणजे आपला १०१.३. आतल्या मलपृष्ठावर तक्ता घातला. आकडा ऐकल्याबरोबर गंभीर की साधं हे कळलं पाहिजे, भाषांतर नंतर.

आणि हाक. आपल्याकडे म्हाताऱ्या बाईला 'आजी' म्हटलं की ती खूश. तिकडे पेशंटला 'बाबुष्का' म्हटलेलं अनेकींना खटकतं. नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं पितृनाम, दोन्ही मिळून हाक मारायची. केसपेपरवर लिहिलेलं असतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही त्रयी आपल्याला नवी नाही, फक्त आपल्याकडे मधलं नाव फॉर्मपुरतं उरलंय, तिकडे ते आदराची हाक आहे. मुलगा असेल तर 'ओविच', मुलगी असेल तर 'ओव्ना'. भाचीने सांगितलं, नुसतं पहिलं नाव घेऊन गेलं तर पेशंट बोलतो. पितृनाम घेऊन गेलं तर मोकळा होऊन बोलतो.

७ सप्टेंबर २०२४

गणपती. काम बंद.

१२ सप्टेंबर २०२४

छपाईची पूर्वतयारी. देवनागरी आणि रशियन एका ओळीत आले की आघाताची खूण स्वरावर न बसता पुढच्या अक्षरावर सरकते. तीन टंक बदलून बघितले. शेवटी आघाताचा स्वर ठळक करून प्रश्न सोडवला, दिसायलाही स्वच्छ.

हस्ताक्षराचं एक पान वाढवलं. छापील अक्षरं ओळखणारा मुलगा हाती लिहिलेला रशियन कागद बघून गार पडतो. हाती लिहिलेला 'त' इंग्रजी एमसारखा, 'द' जीसारखा, 'इ' यूसारखा. ष, इ, ल, म ओळीने आले की नुसत्या वाकड्या रेघांची रांग दिसते. त्यात लिहिणारा डॉक्टर. या बाबतीत दोन्ही देश सारखे.

१९ सप्टेंबर २०२४

मुद्रितं गटाला दिली, निघायच्या आत वापरून बघतील. भाचीचे शेरे आले: दुकानाच्या पानावर 'स्कीत्का', सवलत, हा शब्द राहिलाय, हॉस्टेलला 'अप्श्शिझीतिये' कोणी म्हणत नाही, 'अप्श्शागा' घाला, 'स्प्राफ़्का', दाखला, हा शब्द मोठ्या अक्षरात द्या, कारण पहिले दोन महिने याच कागदासाठी रांगा लावाव्या लागतात. तिन्ही घेतले. तिने विचारलं, "मावशी, शिव्यांचं पान?" ते नाही.

ध्वनिफितींत ष आणि श्श नीट वेगळे ऐकू येत नाहीत, तेवढे शब्द पुन्हा रेकॉर्ड करायचे. सोमवारी स्टुडिओ मिळतोय. दुसऱ्या भागात नकारार्थी वाक्यं आणि उपसर्गवाली क्रियापदं. त्यांची यादी भाची नाताळच्या आधी देणार आहे, म्हणजे आपल्या नाताळच्या. त्यांचा सात जानेवारीला.